स्क्रीनवर दोन लाख, नळीत किती? सॉर्टरच्या नोंदवहीतून

३ जून, सोमवार

पुन्हा तीच तक्रार, सॉर्टरबद्दल, म्हणजे मिश्रणातून हव्या त्या पेशी थेंबाथेंबाने वेगळ्या करून नळीत टाकणाऱ्या यंत्राबद्दल. उंदराच्या प्लीहेवर काम करणाऱ्या गटातली पीएचडीची मुलगी शुक्रवारी दोन लाख पेशी सॉर्ट करून घेऊन गेली होती. आज सकाळी दारातूनच म्हणाली, "मॅडम, मोजल्या तर लाखाच्या आतच भरल्या. मशीन जास्त दाखवतंय." गेल्या महिन्यात दुसऱ्या विभागातल्या पोस्टडॉकनेही हेच ऐकवलं होतं, फक्त जरा गोड शब्दांत.

मशीन जास्त दाखवत नाही, ते वेगळंच काहीतरी दाखवतं. सॉर्टचा आकडा म्हणजे 'एवढ्या पेशींसाठी थेंबाला विद्युतभार द्यायचा, असा मी निर्णय घेतला' इतकंच. तो थेंब नळीत पडला का, पेशी खरंच त्याच थेंबात होती का, पडल्यावर जगली का, यातलं त्याला काहीच कळत नाही. लेसरपाशी पेशी दिसते, त्यापुढे यंत्र आंधळं. प्रत्येक प्रशिक्षणात हे सांगते. लोक मान हलवतात आणि लिहिताना स्क्रीनवरचाच आकडा लिहितात.

तर हा प्रकल्प: पेशी नेमक्या कुठे गळतात ते एकेक टप्पा वेगळा करून बघायचं. यंत्रात, नळीत, सेंट्रिफ्यूजमध्ये, की मोजणीतच. आमचा तंत्रज्ञ लगेच तयार झाला. काम मात्र बुकिंगच्या मधल्या फटीत करावं लागणार. सामायिक प्रयोगशाळेत यंत्र सगळ्यांचं असतं, त्यामुळे ते मोकळं असं कधी नसतंच.

आजपासून प्रत्येक सॉर्टला नोंदवहीत दोन रकाने: स्क्रीनवरची संख्या आणि वापरकर्त्याने मोजलेली संख्या. दुसरा रकाना भरून घेणं हेच खरं जिकिरीचं.

६ जून

आधी कागदावरचा हिशेब, कारण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

आमचा नेहमीचा बेत: १०० मायक्रॉनचं नॉझल (धार जिथून सुटते ते तोंड), २० पीएसआय दाब, सेकंदाला साधारण ३०,००० थेंब. वापरकर्ता म्हणतो, "माझ्याकडे एक कोटी पेशी आहेत, त्यात दोन टक्के हव्या त्या, म्हणजे दोन लाख मिळायला हव्यात." सेकंदाला ५,००० पेशी सोडल्या तर एक कोटीला २,००० सेकंद लागतात, म्हणजे तेहतीस मिनिटं. इथवर बरोबर.

पण पेशी रांग लावून, समान अंतर ठेवून येत नाहीत. ३०,००० थेंबांत ५,००० पेशी म्हणजे सरासरी सहा थेंबांमागे एक. तरी पॉइसाँच्या सूत्राने हव्या असलेल्या पेशीच्या थेंबात दुसरी कुणी नसण्याची शक्यता ८५ टक्केच येते. उरलेल्या १५ टक्के वेळा थेंबात नको असलेला शेजारी असतो आणि शुद्धता मोडमध्ये यंत्र तो थेंब सोडून देतं. दोन लाखांतले तीस हजार इथेच गेले. घाई करून वेग १०,००० केला तर सोडून द्यायचे थेंब २८ टक्क्यांवर जातात. वेळ निम्मा होतो आणि पेशीही जातात. हे गणित एका थेंबापुरतं आहे. यंत्र शेजारच्या थेंबाचा भागही तपासत असेल तर तोटा याहून जास्त.

म्हणून दोन फटी वेगळ्या धरायच्या. एक, अपेक्षित संख्या आणि स्क्रीनवरची संख्या यांतली. ती अबॉर्टची, म्हणजे यंत्राने सोडून दिलेल्या थेंबांची, ती स्क्रीनवर उघड दिसते, तिच्यात लपवाछपवी नाही. दुसरी, स्क्रीनवरची आणि नळीतली यांतली. शुक्रवारच्या सॉर्टमध्ये स्क्रीनवरच दोन लाख होते, तेव्हा तिची तक्रार दुसऱ्या फटीची आहे. प्रकल्प त्या फटीचाच.

त्या मुलीला आणखी एक सांगितलं. एका प्लीहेत आठ-दहा कोटी पेशी असतात. सगळ्या याच वेगाने घालायच्या म्हटल्या तर साडेचार ते साडेपाच तास जातील आणि शेवटच्या पेशी तोवर बर्फात बसून कंटाळतील. आधी चुंबकीय बीड्सनी सीडी४ पेशी (टी पेशींचा एक प्रकार) वेगळ्या कर आणि मग ये. तुला हव्या त्या रेग्युलेटरी टी पेशी त्यातच असतात. तिचे सर म्हणे चुंबकीय किट महाग पडतं म्हणतात. सॉर्टरचे पाच तास स्वस्त पडतात का, ते त्यांनी दरपत्रकात बघावं.

७ जून

पहिला जोराचा पाऊस. खोलीत दमटपणा. एसी चालू, तरी दुपारपर्यंत खिडकीच्या काचेवर पाणी. डीह्युमिडिफायर बाहेर काढला.

११ जून

आज यंत्राची परीक्षा. पद्धत आर-मॅक्सची. 'मेथड्स' या नियतकालिकात २०१५ साली आलेली, आणि माझ्या मते सॉर्टर चालवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी करून बघावी अशी.

कल्पना साधी. दोन रंगांचे बीड्स (बारीक प्लास्टिकचे मणी) मिसळायचे: एक रंग लक्ष्य, दुसरा साक्षीदार. लक्ष्य रंगाचे सगळे बीड्स बाजूच्या नळीत वळवायचे आणि त्या नळीकडे बघायचंच नाही. मधली धार, जी एरवी कचऱ्यात जाते, ती गोळा करायची. ती पुन्हा यंत्रावर चालवून लक्ष्य आणि साक्षीदार यांचं प्रमाण किती उरलं ते बघायचं. सगळे वळले असतील तर मधल्या धारेत लक्ष्य बीड्स दिसायलाच नकोत. जितके दिसतात तितके यंत्राने चुकवले. यात नळीला काय चिकटलं, मोजणीत काय चुकलं, या कशाचाही संबंध उरत नाही. वेग अगदी कमी ठेवायचा, म्हणजे अबॉर्टचा हिशेबही मध्ये येत नाही. मधल्या धारेखाली नळी धरायला थोडी कसरत करावी लागते, तेवढंच.

सकाळी ड्रॉप डिले (पेशी दिसल्यापासून भार देईपर्यंत थांबायचा वेळ) लावून लगेच चाचणी घेतली. शंभरातले दोन-तीन सोडले तर सगळे वळले होते. मग मुद्दाम डिले अर्ध्या थेंबाने सरकवला. निम्म्याच्या आसपास बीड्स मधल्या धारेत आले! स्क्रीनवर मात्र सॉर्टची संख्या दोन्ही वेळा सारख्याच दिमाखात वाढत होती. तंत्रज्ञ म्हणाला, "ताई, हे त्या मुलीला समोर बसवून दाखवायला हवं." बरोबर आहे. प्रशिक्षणात घालणार.

नव्या लोकांसाठी लिहून ठेवते. पेशी लेसरपाशी दिसल्यापासून धार तुटून थेंब सुटेपर्यंत मध्ये पंचवीस-तीस थेंबांचं अंतर जातं. सेकंदाला ३०,००० थेंब, म्हणजे एका थेंबाला ३३ मायक्रोसेकंद, आणि सगळं अंतर सुमारे एका मिलिसेकंदाचं. भार धारेला द्यायचा असतो, आणि तो त्या पेशीचा थेंब सुटत असतानाच द्यायचा. अर्धा थेंब आधी किंवा नंतर झालं की भार शेजाऱ्याला मिळतो. भारित थेंब मग काही हजार व्होल्टच्या दोन पट्ट्यांमधून जाताना बाजूला ओढला जातो.

ही युक्ती साठ वर्षांची आहे. लॉस अलामोसमधल्या मॅक फुलवायलरने १९६५ साली ती पेशींवर वापरली. थेंबांना भार देऊन वळवायची कल्पना त्याने स्टॅनफर्डच्या रिचर्ड स्वीटच्या शाईच्या फवाऱ्यावरून उचलली होती. त्याच्या यंत्रात चमकणारे रंग नव्हतेच, पेशी आकारमानावरून वेगळ्या व्हायच्या. माणसाच्या आणि उंदराच्या लाल पेशी एकत्र करून त्याने त्या पुन्हा वेगळ्या करून दाखवल्या. रंगांवरून वेगळं करणं पुढे स्टॅनफर्डमध्येच लेन हर्झेनबर्गच्या गटाने आणलं. आमच्या खोलीतल्या यंत्रात लेसर चार झाले, संगणक आले, पण धार, थेंब आणि भार हा गाभा तोच.

दुपारी साडेतीनला पुन्हा तीच चाचणी. सकाळपेक्षा थोडी घसरली. बाहेर पाऊस थांबून ऊन पडलं होतं आणि एसीवर ताण होता. खोलीचं तापमान दोनेक अंशांनी वाढलं तरी धार तुटायची जागा वर-खाली सरकते. यंत्र कॅमेऱ्याने ती जागा बघून स्वतःला सावरतं, पण डिले नव्याने मोजत नाही. नियम: जेवणानंतरच्या प्रत्येक स्लॉटआधी डिले पुन्हा तपासायचा. पंधरा मिनिटं जातील. लोक कुरकुर करतील. करोत.

१३ जून

यंत्र निर्दोष ठरलं तर गळती पुढे. आज नळ्या.

बाजूच्या धारा रिकाम्या नळीच्या तोंडाशी बरोबर पडतात का, ते आपण डोळ्यांनी बघतो आणि पुढे जातो. पण नळीत आधीच दोन मिलिलिटर माध्यम असताना थेंब द्रवात पडतात की भिंतीवर, ते कुणी बघत नाही. नळी थोडी तिरकी बसली की थेंब भिंतीवर बसतात. १०० मायक्रॉनच्या नॉझलचा एक थेंब जेमतेम तीन नॅनोलिटरचा. कोरड्या प्लास्टिकवर तो बघता बघता वाळतो, पेशीसकट. संपूर्ण सॉर्टमध्ये एकदाही नळी न हलवणारे वापरकर्ते आमच्याकडे आहेत. अधूनमधून थांबून नळी काढायची, झाकण लावून उलटी करायची, भिंत ओली करून परत बसवायची. सॉर्टनंतर बंद नळी हलक्या हाताने फिरवून भिंतीवरच्या पेशी खाली आणायच्या. फुकटातली सुधारणा.

पॉलिस्टायरीनऐवजी पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्या. पेशी त्यांना कमी चिकटतात, स्थिर विजेचा त्रासही कमी. आदल्या रात्री नळ्या सीरमने भरून फ्रिजमध्ये ठेवायच्या, वापरताना सीरम ओतून टाकायचं. ही सवय काही जुन्या गटांत आहे, नव्यांत नाही.

शीथ, म्हणजे पेशींना वाहून नेणारा धारेतला द्रव, आमच्याकडे साधं पीबीएस, मिठाचं बफर. त्यात प्रथिन नाही, साखर नाही. एक लाख पेशी म्हणजे जवळपास ०.३ मिलिलिटर शीथ नळीत येणार. तीन लाख सॉर्ट केल्या तर एक मिलिलिटरच्या आसपास. म्हणून नळीत सुरुवातीला वीस टक्के सीरमचं माध्यम ठेवलं तर शेवटी ते पुरेसं उरतं. दहा टक्क्यांनी सुरू केलं तर शेवटी ते फारच पातळ होतं. माध्यमात २५ मिलिमोलर हेपिस बफर घालायला सांगितलं, कारण बायकार्बोनेटवर चालणारं माध्यम इन्क्यूबेटरबाहेर आणि दाबाखाली आम्लता सांभाळत नाही.

१८ जून

मोजणी. हा भाग मी टाळत होते, कारण इथे वापरकर्त्याच्या हाताबद्दल बोलावं लागतं.

न्यूबाउर चेंबर म्हणजे पेशी मोजायची आखलेली काच. तिच्या मोठ्या चौकोनात ०.१ मायक्रोलिटर मावतो. एक मिलिलिटरमध्ये लाख पेशी असतील तर प्रत्येक चौकोनात दहा. चार चौकोन मोजले की चाळीस. चाळीसचं वर्गमूळ सव्वासहा, म्हणजे सगळं नीट केलं तरी आकडा सोळा टक्क्यांनी इकडेतिकडे. आणि वीस हजारच पेशी असतील तर? चौकोनाला दोन, चारांत आठ, आणि चूक पस्तीस टक्के. आठाऐवजी पाच दिसल्या की विद्यार्थी म्हणतो सॉर्टर नादुरुस्त आहे.

उपाय माहीतच आहे. कमी पेशींना चेंबर वापरू नका. ठरावीक संख्येचे मोजणी-बीड्स नळीतून काढलेल्या छोट्या भागात घाला आणि आमच्याच ॲनालायझरवर (तो पेशी मोजतो, वेगळ्या करत नाही) चालवा. बीड्स किती दिसले त्यावरून पेशी किती होत्या ते निघतं. ज्यांच्याकडे बीड्स नाहीत त्यांनी निदान सगळे नऊ चौकोन दोन्ही बाजूंनी मोजावेत.

त्या मुलीच्या शुक्रवारच्या नोंदी बघितल्या. तिने सॉर्टनंतर नळी सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं फिरवली, वरचा द्रव ओतून टाकला आणि मग मोजलं. मोजायच्या आधीच ओतून टाकलं! पेशी गळायची एक जागा अशी समोर आली. "अगं, तुला पेशींची गोळी दिसली का तळाशी?" विचारलं तर म्हणाली, "नाही दिसली, पण असते ना मॅडम." असते, पण लाखभर लिम्फोसाइटची गोळी डोळ्यांना दिसत नाही, आणि प्रथिन कमी असलेल्या द्रवात ती तळाला घट्ट बसतही नाही. झुलत्या रोटरमध्ये ४०० जी, दहा मिनिटं, ब्रेक कमी, आणि पिपेटने वरचं काढताना तळाचे शंभर मायक्रोलिटर तसेच ठेवायचे. तिरक्या रोटरमध्ये गोळी भिंतीवर पसरते. त्यांच्या खोलीत तिरकाच आहे. पुढच्या वेळी आमचा वापर म्हटलं.

१९ जून

बाहेरच्या महाविद्यालयातून फोन. आय-स्टेमच्या, म्हणजे देशभरातल्या सामायिक उपकरणांच्या, पोर्टलवर आमचा सॉर्टर दिसला म्हणे. दर विचारले, ऐकून शांत झाले. नमुना-तयारीचा कागद पाठवला.

२४ जून

आज एक सॉर्ट नाकारला. अर्बुदाचे तुकडे एन्झाइमने मोकळे करून आणले होते. नळी हलवली तर तळाशी दोऱ्यासारखं काहीतरी लोंबत होतं. मेलेल्या पेशींचा डीएनए तो. हे शंभर मायक्रॉनच्या छिद्रातून जाणार नाही. गेलं तरी मध्येच अडकेल, धार वाकडी होईल, आणि फवारा खोलीत उडेल.

वापरकर्ता तावातावाने म्हणाला, "चाळणीतून गाळलंय ना मी." चाळणी घट्ट गुठळी अडवते. चिकट धागा चाळणीतून जातो आणि पलीकडे पुन्हा गोळा होतो. डीएनेज घातलं होतं का? घातलं होतं. बफरमध्ये काय होतं? पाच मिलिमोलर ईडीटीए. मग उत्तर मिळालं. डीएनेजला मॅग्नेशियम लागतं आणि ईडीटीए तेच बांधून टाकतं. आधी मॅग्नेशियमसकट डीएनेज, दहा-पंधरा मिनिटं, मग धुवायचं, आणि त्यानंतर ईडीटीए. दोन्ही एका बफरमध्ये घातली तर पैसे वाया. हा कागद भिंतीवर आहे, पण भिंतीवरचे कागद कोण वाचतं?

त्याचा स्लॉट वाया गेला आणि राग माझ्यावर आला. पण पुढचा गट बारा वाजता जिवंत पेशी घेऊन येणार होता. नॉझल अडकून यंत्र तास-दोन तास साफ करत बसले असते तर त्यांचा प्रयोग गेला असता, ज्यांनी काहीच केलेलं नाही. सामायिक प्रयोगशाळेत नकार बहुतेक वेळा समोरच्यासाठी नसतो, मागे रांगेत उभ्या असलेल्यासाठी असतो.

या प्रकल्पाच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचं. चिकटलेल्या पेशी डब्लेट (जोडी) म्हणून गेटबाहेर, म्हणजे हव्या त्या पेशींसाठी स्क्रीनवर आखलेल्या सीमेबाहेर, जातात, म्हणजे त्या स्क्रीनवरही येत नाहीत. मृत पेशी अँटिबॉडी उगाच धरून ठेवतात आणि हव्या त्या गेटमध्ये घुसतात. डॅपी किंवा सेव्हन-एएडी हे मृत पेशी ओळखणारे रंग न घालता आलेल्या नमुन्यात 'हव्या' पेशींतल्या कितीतरी मुळात मेलेल्याच असतात. मग त्या सॉर्टनंतर 'मेल्या' म्हणून यंत्राच्या नावावर.

१ जुलै

पालख्या शहरात मुक्कामी. रस्ते बंद, रक्ताचे नमुने दहाऐवजी दोनला आले. आणणारा मुलगा गाडी लांब लावून चालत आला, डबा छातीशी धरून.

चार तास उशीर म्हणजे काय ते रक्त बघूनच कळतं. पांढऱ्या पेशींतले ग्रॅन्युलोसाइट चिडलेले, स्क्रीनवर साइड स्कॅटरचा (बाजूला विखुरलेल्या प्रकाशाचा) ढग पसरलेला. मोनोसाइट हवे होते, ते प्लेटलेट चिकटवून बसलेले. लिम्फोसाइट मात्र व्यवस्थित. त्यांचा सॉर्ट केला, मोनोसाइटचा पुढे ढकलला.

माणसाचं रक्त असेल तर आमचा फॉर्म वेगळा. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्यांचे निकाल जोडलेले हवेत. हवा ओढून घेणारी यंत्रणा सॉर्टच्या आधी चालू, आणि अडथळा आलाच तर दार लगेच उघडायचं नाही, फवारा खेचला जाईपर्यंत थांबायचं. खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बीची लस घेतलेली असावी लागते. निकाल न जोडता आलेला नमुना मी घेत नाही, कोणाचाही असो, विभागप्रमुखांचा असला तरी.

९ जुलै

आरएनए गटाचा प्रश्न वेगळाच निघाला. त्यांना नळीतली संख्या कमी वाटत नाही, त्यांचा आरएनए कमी निघतो. थेट लायसिस बफरमध्ये (पेशी फोडणाऱ्या द्रवात) सॉर्ट करतात: साडेतीनशे मायक्रोलिटर बफर आणि त्यात एक लाख पेशी. वरचा हिशेब लावला तर लाख पेशींबरोबर सुमारे तीनशे मायक्रोलिटर पीबीएस आत आलं. बफर जवळपास निम्म्यावर पातळ झालं, मग पेशी नीट फुटणार कशा आणि आरएनए तोडणारी एन्झाइम थांबणार कशी? दोन उपाय सांगितले. ७० मायक्रॉनचं नॉझल लावलं तर थेंब एक नॅनोलिटरच्या आसपास येतो, म्हणजे पाणी तिपटीने कमी, पण दाब ७० पीएसआयवर जातो. लिम्फोसाइटला तो चालतो, मॅक्रोफेजसारख्या मोठ्या पेशींना नाही. नाहीतर द्रव नमुन्यांसाठीचं घट्ट ट्रायझॉल (हाही पेशी फोडून आरएनए वाचवणारा द्रव) घ्यायचं, ज्यात एका भागाला तीन भाग हे प्रमाण शेवटपर्यंत धरता येतं. त्यांना दुसरं पटलं.

२५ जुलै

रात्रभर पाऊस. सकाळी दोनदा वीज गेली. यूपीएसवर यंत्र तगलं, एसी अर्थातच नाही. वीस मिनिटांत खोली गरम, धार तुटायची जागा डोळ्यांदेखत सरकली, आणि यंत्राने आपणहून सॉर्ट थांबवला. नळ्यांखालचं झाकण सरकून बंद झालं. ते बंद झालं म्हणून आधी जमा झालेल्या पेशी वाचल्या, नाहीतर वाकडी धार नळीत पडून सगळं मिसळलं असतं. मुलं वैतागली, मी त्या झाकणाला मनात नमस्कार केला.

घरी जायचे रस्तेही पाण्यात, म्हणून सगळ्यांना लवकर सोडलं. नळ्या बर्फात. यंत्र दहा टक्के ब्लीच, मग पाणी, मग बंद.

२ ऑगस्ट

प्लीहेचा प्रयोग पुन्हा, त्याच मुलीचा. सीडी४ पेशी आधीच चुंबकाने वेगळ्या करून आणल्या (सरांनी किट मागवलं!). डिले तासाभरापूर्वी तपासलेला, बीड्सची चाचणी उत्तम. पॉलिप्रॉपिलीनची सीरम लावलेली नळी, मध्ये दोनदा उलटी केलेली. वेग सेकंदाला तीन हजारांवर ठेवला.

सॉर्टनंतर आधी मोजणी-बीड्स, सेंट्रिफ्यूज त्यानंतर. स्क्रीनवरच्या आकड्याच्या ऐंशी टक्क्यांहून थोड्या जास्त पेशी नळीत. सेंट्रिफ्यूजनंतर पुन्हा मोजलं तेव्हा त्यातल्या आणखी काही गेल्या, पण पूर्वीसारखं निम्मं नाही. ती खूश. मी तेवढी नाही, कारण बीड्स जवळजवळ शंभर टक्के वळतात आणि पेशी ऐंशी, तर मधले पंधरा कुठे गेले?

एक अंदाज: बीड्स एकसारखे गोल, पेशी नाहीत. मोठी किंवा वेडीवाकडी पेशी थेंब तुटायच्या जागी आली की तुटण्याची वेळ किंचित बदलते. दुसरा: गेटमधल्या काही पेशी आधीच मरणाच्या वाटेवर होत्या आणि दाबातून बाहेर पडल्यावर फुटल्या. तिसरा: नळीच्या भिंतीवर तरीही थोड्या राहिल्याच. तिसरा सोपा आहे, नळी धुवून त्या पाण्यात मोजायच्या. उद्या.

३ ऑगस्ट

धुण्याच्या पाण्यात दोन-तीन टक्के. म्हणजे भिंत हे मुख्य कारण नाही.

८ ऑगस्ट

जनुकं बदलणाऱ्या क्रिस्पर गटाच्या ९६ विहिरींच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटा. प्रत्येक विहिरीत एकच पेशी. इथे नळीतली गळती हा प्रश्नच वेगळ्या रूपात येतो: पेशी पडली नाही तर विहीर रिकामी, आणि ते दहा दिवसांनी कळतं.

आज पेशींआधी रंगाची चाचणी. विहिरींत टीएमबीचा (पेरॉक्सिडेजने निळं होणाऱ्या रसायनाचा) थेंब ठेवला, धारेत बीड्सबरोबर पेरॉक्सिडेज एन्झाइम. प्रत्येक विहिरीत एक बीड सॉर्ट केला. थेंब द्रवात पडला तर विहीर निळी होते. पहिल्या प्लेटमध्ये उजवीकडची शेवटची रांग फिकी आणि कोपऱ्यातल्या काही विहिरी कोऱ्या. नेम प्लेटच्या मध्यावर बरोबर होता, कडेला एक मिलिमीटरच्या आत पण सरकलेला. नेम पुन्हा लावला, दुसरी प्लेट पूर्ण निळी. मग पेशी.

गटातल्या मुलाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. ९६ निळ्या विहिरी म्हणजे ९६ वसाहती नव्हेत. एकटी पेशी वाढेल की नाही हे पेशीच्या जातीवर आहे. काही पेशीवंशांत निम्म्याहून कमी विहिरींत वसाहत आली तरी ते चांगलंच धरतात. आधी न बदललेल्या पेशींची एक प्लेट सॉर्ट करून त्यांचा आकडा काढ, मग तक्रार कर.

१४ ऑगस्ट

२ ऑगस्टच्या पहिल्या अंदाजाची चाचणी. बीड्सऐवजी दोन रंगांत रंगवलेल्या जिवंत पेशी घेऊन तीच आर-मॅक्स पद्धत. पेशींची वळण्याची टक्केवारी बीड्सपेक्षा खाली आली, आणि तिथे डिले पाव थेंबाने सरकवल्यावर ती सुधारली. म्हणजे बीड्सवर बेतलेला डिले पेशींना नेमका बसत नाही. मोठ्या पेशींना तर अजिबात नाही, म्हणून त्यांच्यासाठी १०० ऐवजी १३० मायक्रॉनचं नॉझल लावून पाहणार.

हे आकडे कुणाला छापायला देणार नाही, नमुने थोडे आहेत. पण यापुढे मोठ्या सॉर्टआधी वापरकर्त्याच्याच थोड्या पेशींवर ही चाचणी घ्यायची. वीस मिनिटं, पाच-दहा हजार पेशी. ज्याच्या पेशी दुर्मीळ आहेत त्याला हा खर्चही जड वाटेल. त्याच्याशी बोलून ठरवू.

२० ऑगस्ट

बुकिंगचा फॉर्म बदलला. नवे रकाने: पेशींचा आकार अंदाजे किती, जिवंत-मृत रंग कोणता, डीएनेज वापरलं का आणि ईडीटीए त्यानंतर का, सॉर्टनंतर काय करणार (वाढवणार, आरएनए काढणार, की उंदरात टोचणार), आणि सगळ्यांत खाली 'सॉर्टनंतर मोजलेली संख्या, कोणत्या पद्धतीने'. हा शेवटचा रकाना भरून परत दिला नाही तर पुढचं बुकिंग मंजूर होणार नाही. वापरकर्ता समितीत यावर अर्धा तास गेला. "हे जरा जास्तच कडक आहे," असं एक सर म्हणाले. त्यांच्याच गटाचे सहा रकाने रिकामे होते, तो कागद पुढे सरकवला. मंजूर झालं.

सॉर्टच्या छापील अहवालात स्क्रीनवरच्या आकड्यासमोर आता 'भारित थेंबांचा अंदाज' असं लिहून येतं. त्याखाली मोजलेल्या संख्येची मोकळी जागा.

बाकी: ७० मायक्रॉनवर हीच मालिका, सर्व्हिसनंतर. यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायच्या. खोलीतल्या एसीला वेगळी वीजजोडणी मिळावी म्हणून पाठवलेल्या पत्राची आठवण करून द्यायची. झुलत्या रोटरच्या बादल्यांना नवी रबरं. तंत्रज्ञाने गणपतीची सुट्टी मागितली आहे, त्या आठवड्यात सॉर्ट नाहीत, फक्त ॲनालायझर चालू राहील, तशी सूचना दारावर लावली.